शिळं पाणी

लालबाग,
७ एप्रिल

चि. सुचित्रा,

पोचले, जेवले, थंडी वाजते. एवढंच तू विमानतळावरून कुडाळला बापाला फोनवर सांगितलंस आणि त्याने ते मला कळवलं. म्हणजे शाळेपासून कॉलेजपर्यंत मुलगी वाढवली आत्याने आणि बातमी आधी बापाला! असो. तुझ्या त्या रँचवर फोनला रेंज नाही म्हणे. बरंच झालं. फोनवर बोलायला लागलं की अर्धी गॅलरी माझ्या खांद्यावर येऊन उभी राहते. आपण कागदावरच बोलू. माझी खानावळ होती तेव्हा गिरणीतल्या बाप्यांची गावाला जाणारी पत्रं मीच लिहून द्यायचे. हात बसलेला आहे माझा.

इथे मी सगळ्यांना पेढे वाटले. शेजारच्या ललितावहिनीने पेढा तोंडात टाकला आणि म्हणते, "आमचा शंतनु गेला तो कॉम्प्युटरवर बसायला. तुमची सुचित्रा एवढं शिकून गुरं राखायला गेली होय?" गिरगावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलंय ना, जीभ तिखट आहे. मी म्हटलं, "राखायला नाही, गुरांची डॉक्टर आहे ती. परळच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालीय. एका वर्षाच्या ट्रेनिंगला तिकडच्या लोकांनी निवडून बोलावलीय."  वहिनीने दुसरा पेढा उचलला.

आता कामाचं. तिकडे पाणी किती वाजता येतं? नळ कोणाच्या ताब्यात आहे? तू नवीन आहेस, तेव्हा पहिले काही दिवस नंबरावरून कोणाशी भांडू नकोस. पण एक विसरू नकोस. आपल्या घरात काल भरलेलं पाणी आज कोणी प्यालेलं नाही. पाणी आलं की आधी शिळं ओतायचं, पिंप घासायचं आणि मगच भरायचं. नव्या जागी माणसं आधी तुझं पाणी बघतात आणि मग तुला.

मसाला पुरवून वापर. पत्र लगेच टाक.

तुझी,
शेवंतीआत्या


हॉलिस रँच, न्यू मेक्सिको
२९ एप्रिल

आत्ये,

तुझं पत्र मुकादमाने टपालाच्या पेटीतून आणून दिलं. ती पेटी घरापासून इतकी लांब आहे की आणायला गाडी लागते. आधी हात धुतले आणि मग फोडलं. पाकिटाला मसाल्याचा वास होता, खरंच.

आत्ये, इथे पाणी येत नाही. म्हणजे वेळ नाही, नळ नाही, नंबर नाही. पाणी असतं किंवा नसतं. ही जागा म्हणजे उंचावरचं एक सपाट पठार आहे. झाड नाही, डोंगर नाही. लालबागच्या नाक्यावर उभं राहिलं आणि थेट ठाणं दिसलं तर कसं वाटेल, तसं वाटतं. पाऊस पडलाच तर खोलगट जागांत पाणी साचतं, पण सध्या तिथे फक्त भेगा आहेत. बाकी सगळं पाणी जमिनीच्या पोटात, आणि ते दर वर्षी खाली चाललंय. ते वर काढायला पवनचक्क्या आहेत. वारा सुटला की पाती फिरतात, खाली पंप हलतो आणि पाइपातून पाणी गोल टाकीत पडतं. टाकी केवढी? आपल्या दोन खोल्या मावतील एवढी.

मला वाटायचं गाई गवत बघून चरतात. नाही, त्या पाणी बघून चरतात. पाण्यापासून फार लांब गाय जातच नाही. टाकीजवळचं गवत मुळापर्यंत संपतं आणि लांबचं तसंच वाळतं. म्हणून ज्याला पाणी सांभाळता येतं त्यालाच रँच चालवता येतं, असं रूथबाई म्हणतात. मालकीणबाई त्या. सत्तरीच्या पुढच्या, नवरा गेलेला. बोलतात कमी, बघतात फार. आणि आत्ये, पाण्याची फेरी त्यांनी मला दिलीय! रोज सकाळी गाडी घेऊन सगळ्या टाक्या बघून यायच्या. पूर्वी ट्रेनिंगला आलेल्या कोणाला इतक्या लवकर दिली नव्हती म्हणे. डेल सांगत होता. डेल म्हणजे मुकादम.

एकच गोष्ट खटकते. सगळ्यात टोकाच्या टाकीत हिरवंगार शेवाळ आहे, आणि शेवाळ खायला त्यात चक्क सोनेरी मासे सोडलेत. डेल म्हणतो, वरचा थर जाळीने काढ, बाकी हात लावू नकोस. मला बघवत नाही. त्या टाकीला लागून कुंपण आहे आणि पलीकडे वॉकर नावाचा म्हातारा राहतो. विहिरीवरून त्याचं आणि रूथबाईंचं जुनं वाकडं आहे. त्याच्या फाटकाकडे बघायचंसुद्धा नाही अशी मला ताकीद आहे. आपल्या चाळीसारखंच की!

ललितावहिनीला सांग, गुरं राखतेय आणि मजेत आहे.

तुझी सुचित्रा


लालबाग,
१७ मे

चि. सुचित्रा,

पत्र गॅलरीत उभं राहून मोठ्याने वाचलं. 'पूर्वी कोणाला दिली नव्हती' हे दोनदा वाचलं. ललितावहिनी कपडे वाळत घालत होती, तिचा हात थांबला. मी बघितलं.

पण ते हिरवं पाणी? शी, शी, शी! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अगो, गुरं झाली म्हणून काय झालं? लहानपणी गावाला आमची म्हैस होती. तिच्या दोणीत पान जरी पडलं तरी आई पाणी बदलायची. तो मुकादम काय सांगतो! पुरुषमाणूस, त्याने जन्मात कधी पिंप घासलंय? तू डॉक्टर आहेस. आणि तुझ्या ताब्यात दिलेलं पाणी हिरवं म्हणजे नाव कोणाचं खराब? तुझं. मग लालबागचं. मग माझं.

मी सांगते ते कर. सगळं ओत, ब्रश घेऊन तळापासून घास आणि ताजं भर. बाईला आधी सांगू नकोस. ती कुठे बाहेर गेली की कर. परत येऊन बघेल तर टाकी लखलखीत! मग कळेल तिला मुलगी कोणाच्या हाताखाली वाढलीय ते.

इथे पाणीकपात होणार म्हणून बोलतायत. पाणी सोडणारा चावीवाला आत्तापासूनच तोंड चुकवून जातो. तुझ्याकडे बरं आहे, वारा काय, फुकटचाच.

तुझी,
शेवंतीआत्या


हॉलिस रँच
१२ जून

आत्ये,

मी बरी आहे. काम चालू आहे. ऊन फार आहे. तळहात थोडे सोलवटलेत, त्यामुळे जास्त लिहवत नाही.

माझ्याबद्दल गॅलरीत सध्या काही वाचून दाखवू नकोस. ऑगस्टमध्ये कदाचित येईन. नक्की नाही. बाबांना कळवू नकोस.

तुझी सुचित्रा


लालबाग,
१ जुलै

सुचित्रा,

हे काय पत्र झालं? तार येते ती तरी याच्यापेक्षा मोठी असते.

वर्षासाठी गेलेली मुलगी चार महिन्यांत परत येणार? आणि बापाला कळवायचं नाही? मी काय दूधखुळी आहे? चार दिवस मी झोपले नाही. मग मनाशी हिशेब लावला आणि सरळ विचारते. कोणी गोरा आहे का? तो मुकादम तर नाही ना, डेल? तुझ्या पत्रात त्याचं नाव सारखं येत होतं, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. असेल तर असेल. मी ओरडेन, दोन दिवस जेवणार नाही आणि मग त्याच्यासाठी सोलकढी करीन. पण लपवाछपवी मला चालत नाही.

आणि तसं काही नसेल, कोणी तुला वाईट बोललं असेल, अंगावर हात टाकला असेल, तर तसं लिही. पासपोर्ट नाही माझ्याकडे, पण काढता येतो.

टाकीचं काय झालं तेही लिहिलं नाहीस. बाई खूश झाली की नाही?

मी रोज खाली उतरून पोस्टमनची वाट बघते. म्हाताऱ्या माणसाला जिने किती चढायला लावशील?

शेवंतीआत्या


हॉलिस रँच
२२ जुलै

आत्ये,

डेलला तीन नातवंडं आहेत. तेवढं डोक्यातून काढ.

टाकीचंच झालंय सगळं.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात रूथबाई आणि डेल गुरांच्या बाजाराला गेले. दुसऱ्या दिवशी येणार होते. सकाळी वारा असा की डोक्यावर टोपी राहीना. मी आले तेव्हापासून तो थांबलेलाच नव्हता. मी टोकाच्या टाकीवर गेले, मासे दोन बादल्यांत काढले आणि तळाचं बूच काढलं. पाणी गेलं वाहून. दुपारपर्यंत घासत होते. हात सोलले, पण टाकी अशी चकचकीत केली की वाटलं, आत्ताच तुला बोलावून दाखवावी. बूच बसवलं. चक्की फिरतेय, संध्याकाळपर्यंत भरेल, असं वाटलं मला. कॉर्पोरेशनचं पाणी जसं येतं तसं.

आणि वारा पडला.

आत्ये, एक पातं हलेना. पाइपातून करंगळीएवढी धार येत होती, तीही बंद झाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते पाणी सकाळचं नव्हतंच. कित्येक दिवसांचा वारा साठून ती टाकी भरली होती आणि मी ती शिळी म्हणून ओतून दिली. गाय उन्हाळ्यात किती पाणी पिते यावर परीक्षेत मला पूर्ण मार्क होते.

ऊन उतरलं आणि गाई आल्या. शंभरावर गाई, प्रत्येकीच्या मागे वासरू. टाकी रिकामी बघून मागच्या पुढच्यांना रेटायला लागल्या. आतली ओल चाटायला माना घालत होत्या. मी ओरडतेय, काठी मारतेय, कोण ऐकतंय? एक वासरू टाकीच्या भिंतीशी चेंगरलं. मी ओढून बाहेर काढलं, पण फासळ्या आत गेल्या होत्या. डॉक्टर आहे ना मी, हात लावल्याबरोबर कळलं. माझ्या मांडीवर गेलं ते, आत्ये. त्याची आई दोन दिवस तिथेच हंबरत उभी होती. तो आवाज अजून कानात आहे.

रडायला वेळ नव्हता. दुसऱ्या टाक्या इतक्या लांब की एकटीने गुरं तिथवर नेणं शक्य नव्हतं. आपल्याकडे पाणी गेलं की काय करतो? कळशी उचलतो आणि दुसऱ्याच्या दारात जातो. तुझा आणि ललितावहिनीचा अबोला होता त्या उन्हाळ्यातसुद्धा तू मला कळशी देऊन तिच्याकडे पाठवायचीस. तिने कधी रिकामी परत पाठवली नाही. मी गाडी काढली आणि वॉकरच्या फाटकातून सरळ आत गेले. म्हटलं, पाणी पाहिजे. तो म्हणाला, हॉलिसकडून कित्येक वर्षांत या दारात कोणी काही मागायला आलेलं नाही. मी म्हटलं, मी हॉलिसकडची नाही, लालबागची आहे. त्याला काय कळलं देव जाणे. त्याने चाकांवरची पाण्याची टाकी गाडीला जोडली आणि माझ्या मागून आला.

बाजूच्या लहान हौदात आम्ही पाणी सोडलं. आता सगळ्या एकदम धावल्या असत्या तर आणखी वासरं गेली असती. मग मी दोर बांधला, काठी आडवी धरली आणि थोड्या थोड्या करून सोडल्या. तू नळावर उभी राहायचीस तशी उभी होते. तोंडातून इंग्रजी निघेचना. "रांगेत ऱ्हवा गो! खंय धावतास? पाणी काय पळान जाता?" वॉकर हसत होता. अंधार पडेपर्यंत त्याने खेपा घातल्या, आणि सकाळी पुन्हा आला.

त्याच वेळी रूथबाईंची गाडी आली. त्यांच्या टाकीवर वॉकर, दोराच्या टोकाला मी आणि बाजूला मेलेलं वासरू. वॉकरने टोपीला हात लावला आणि निघून गेला. मग बाईंनी मला विचारलं.

"टाकी फुटली?"

"नाही. मी पाणी ओतलं."

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

"शिळं होतं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्याकडे बघितलं आणि परत घातली. बूच गळालं म्हणून सांगितलं असतंस तर कोणाला कळलं असतं, असं डेल मागाहून म्हणाला. मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहिले असते?

वारा तिसऱ्या दिवशी आला. बाईंनी माझ्याकडून पाण्याची फेरी काढून घेतली. ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेला काय कळवायचं ते ठरवते म्हणाल्या. अजून ठरलेलं नाही. नको म्हणाल्या तर मला परत यावं लागेल. सर्टिफिकेट नाही, काही नाही. मी गोठे साफ करतेय आणि वाट बघतेय.

मासे जिवंत आहेत.

तुझी सुचित्रा


लालबाग,
९ ऑगस्ट

माझ्या बाये,

पत्र वाचलं आणि खुर्चीत बसले ती दिवेलागणीपर्यंत उठले नाही. मग उठले, तोंड धुतलं आणि गॅलरीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. होय, सगळ्यांना. तू नको म्हणालीस तरी. कौतुक मी मोठ्याने सांगितलं होतं, मग हेही मीच मोठ्याने सांगणार. कोणी जिन्यात कुजबुजायला नको. सांगितलं की माझ्या भाचीने माझं ऐकून बाईचं पाणी ओतलं, एक वासरू गेलं, आणि तिने ते स्वतःच्या तोंडाने मालकिणीला सांगितलं. ओतताना बघायला तिथे चिटपाखरू नव्हतं, तरी सांगितलं. सांगताना माझी मान खाली नव्हती.

 थोड्या वेळाने ललितावहिनी चहा घेऊन आली. म्हणाली, "अबोला होता तरी कळशी भरून देत होते, हे पोरीने लक्षात ठेवलं हो." आणि पदर डोळ्याला लावला. तिखट आहे, पण वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा मी पिंप ओतलं नाही. कालचंच तांब्यात घेतलं आणि उभ्याने प्याले. काही झालं नाही मला. इतकी वर्षं काय समजत होते कोण जाणे.

आता खालचा मजकूर त्या बाईला वाचून दाखव. इंग्रजीत सांग, पण गोड करून सांगू नकोस. जसं आहे तसं.

रूथबाईंना नमस्कार.

मी शेवंती, सुचित्राची आत्या. पाणी ओतायला मी सांगितलं होतं. तुम्हाला विचारू नको, हेही मीच सांगितलं होतं. आमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं. त्यासाठी मी जन्मभर पहाटे उठलेय. आलेलं पाणी ताजं आणि काल उरलेलं शिळं, एवढंच मला ठाऊक. आम्ही उधळे लोक नाही. कळशी कळशी वाहून ज्यांनी घर चालवलं त्यांना पाण्याची किंमत तुमच्याइतकीच कळते. पण तुमचं पाणी कसं होतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि न बघता मी हुकूम सोडला. तुमचं वासरू गेलं. आमच्याकडेही म्हैस होती, तेव्हा ते दुःख काय असतं ते मला समजतं. मी तुमची माफी मागते.

मुलीची मात्र मागत नाही. तिने तुम्हाला खरं सांगितलंय. पाणी संपल्यावर रडत बसली नाही, लाज सोडून शेजाऱ्याच्या दारात गेली आणि तुमची बाकीची गुरं वाचवली. याच्यापेक्षा चांगली मुलगी मला करता आली नसती.

तुम्ही तिला परत पाठवलंत तर मी विमानतळावर जाईन आणि हार घालून घरी आणीन. ठेवलीत तर भरपूर काम द्या. दया म्हणून मात्र ठेवू नका. दयेवर राहायची सवय आमच्या घरात कोणाला नाही.

शेवंती


हॉलिस रँच
२ सप्टेंबर

आत्ये,

तू काय लिहिलंयस ते! मी वाचायला घाबरत होते. चार दिवस पत्र खिशात घेऊन फिरले. मग रविवारी जेवणानंतर स्वयंपाकघरात रूथबाईंना म्हटलं, माझ्या आत्याने तुम्हाला काही लिहिलंय. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

जसं आहे तसं सांगितलं. हार घालून आणीन, तेही.  बाई खिडकीबाहेर बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ते मुलीची माफी मागत नाही, ते परत वाच." परत वाचलं. मग उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. मी पुसायला उभी राहिले. 

आज सकाळी हे बंद पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, तुझ्या पत्राबरोबर पाठव. मी विचारलं, संस्थेला काय कळवलंत? तर म्हणाल्या, "जिने लिहिलंय तिला आधी उत्तर." आत काय आहे मला माहीत नाही. उजेडासमोर धरून बघितलं, पण काही दिसत नाही.

वॉकर काल फाटकापर्यंत आला होता. बाईंनी त्याला कॉफी दिली. दोघं हवामानावर बोलले. डेल गोठ्यातून डोकावून बघत होता.

आत्ये, मला परत यायचंय आणि यायचं नाहीये. दोन्ही खरं आहे. काहीही लिहिलेलं असलं तरी लगेच कळव.

तुझी सुचित्रा


लालबाग,
२३ सप्टेंबर

चि. सुचित्रा,

गणपती जाऊन लालबाग जरा श्वास घेतंय, तोच तुझं पत्र आलं. पाकीट मी फोडलं नाही. देवाजवळ ठेवलं आणि ललितावहिनीला हाक मारली. ती चांगली साडी नेसून आली. गॅलरीत खुर्च्या टाकल्या. तिने इंग्रजी आधी मनात वाचलं. मला वाटलं, संपलं सगळं, कारण तिचा चेहराच बदलला. मग मराठीत सांगायला लागली. मी लिहून घेतलं, ते तुला देते.

"शेवंती, त्या टाकीची विहीर माझ्या नवऱ्याने फार वाईट दुष्काळात खणून घेतली. एवढ्या वर्षांत ती टाकी कोणी धुतली नव्हती. माझं एक वासरू गेलं, त्याचा मला राग आला होता आणि अजून थोडा आहे. पण चूक करून गप्प बसलेल्या माणसांनी याहून जास्त गुरं घालवली आहेत माझी. वॉकरच्या दारात मी स्वतः गेले नसते, गुरं मेली असती तरी. त्याचा मी अजून विचार करतेय. पाण्याची फेरी मी तिला परत देतेय. ट्रेनिंग संपल्यावर आणखी दोन वर्षं ती मला इथे हवीय, सगळ्या रँचचं पाणी तिच्या ताब्यात द्यायला. कागदपत्रांचं मी बघते. एकदा सहज विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली, आत्याला वर्षात परत येईन असा शब्द दिलाय. म्हणून तुम्हाला विचारते. दयेने ठेवत नाही. आणि अजून एक. तुमच्या घरात हिच्यासारखी दुसरी आहे का? मला एक कमी पडतेय."

वाचून झालं. मग खालच्या मजल्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. ते कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. ललितावहिनी म्हणते, "आमच्या शंतनुच्या साहेबाने असं एक वाक्य कधी लिहिलं नाही हो." मी पदर तोंडात धरून रडले, सगळ्यांसमोर. खुशाल रडले.

खरं सांगू? मार्चअखेर तू येशील म्हणून तुझी गादी मी मागच्याच आठवड्यात पिंजून घेतली. दोन वर्षं म्हणजे माझ्या वयाला थोडी नाहीत. घर खायला उठतं. संध्याकाळी कोणाला ओरडावं ते कळत नाही. हे सगळं खरं आहे, आणि तरीही तू राहा. शब्द मला दिला होतास ना? मग तो मीच सोडवते. माझ्या भाचीच्या ताब्यात एवढ्या गुरांचं पाणी देतायत, आणि मी तिला एका पिंपासाठी परत बोलावू? गिरणीतल्या बाप्यांची पत्रं लिहायचे तेव्हा प्रत्येक पत्राच्या शेवटी 'लवकर ये' असं असायचं. आज पहिल्यांदा उलटं लिहितेय.

बापाशी मी बोलते. तो कुरकुरेल, तेवढं मी बघून घेते.

आणि त्या बाईला माझा निरोप दे. तिने विचारलंय, दुसरी आहे का म्हणून. तिला सांग, नाही. एकच होती, तीच दिलीय.

तुझी,
शेवंतीआत्या